अंजनाच्या बुडख्याला पाणी

कळंबखेड, ता. अकोट
८ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनीस,

आशीर्वाद. पण या वेळी अटींसह.

पत्राबरोबर एक पुडकं आहे. त्यात पत्र्याचे एकेचाळीस बिल्ले आणि एकेचाळीस खिळे आहेत. मोजून घे आणि पोच लिही. तुझ्या ऑफिसातला तो किशोर परवा मोटारसायकलवर आला, 'दामिनीताईंनी धाडलं' म्हणाला, आणि मी चहा ठेवेपर्यंत आसरामायच्या बनात शिरून झाडांना नंबर ठोकत सुटला. मी पोचले तेव्हा बेचाळिसाव्या झाडावर हातोडा उगारलेला होता. मी हातोड्यासकट त्याला बाहेर आणलं. खिळे काढायला मला दोन दिवस लागले, आणि तेही लाकडी पाचरीनं, कारण पक्कड लोखंडाची.

तू या गावची लेक. बनात लोखंड नेत नाहीत हे तुला मी सांगावं? लहानपणी तू तुझ्या बापाचा हात धरून यायचीस तेव्हा त्याच्या कमरेची किल्लीसुद्धा आपण बाहेरच्या शेंदरी दगडापाशी ठेवायचो. आतली वाळलेली काडी बाहेर आणायची नाही, आतला पाला चुलीत घालायचा नाही. नाल्याकाठची ती तीन एकर म्हणून तर उभी आहेत. बाकी सगळा शिवार उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो.

आणि झाडांना नंबर कधी पडतात ते मी जाणते. रस्ता रुंद करताना कडुनिंबांना असेच नंबर पडले होते. महिन्याभरात नंबरही नव्हते आणि कडुनिंबही नव्हते.

तेव्हा खरं काय ते लिही. फोन करू नको. फोनवरचं बोलणं नाकबूल करता येतं, वर कुणी टेपही करतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. जे असेल ते कागदावर, खाली सही. तेहेतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. खोटं लिहिणाऱ्याचं अक्षर आपोआप मोठं होतं, हे ध्यानात ठेवून लिही.

तुझी आत्या,
मैना


अमरावती
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

एकेचाळीस बिल्ले, एकेचाळीस खिळे मिळाले. ही पोच, आणि ही माफी. किशोर शहरातला आहे, त्याला मी सांगायला हवं होतं. चूक माझी.

आता खरं काय ते. झाड हवेतला कार्बन आत ओढतं आणि लाकडात साठवून ठेवतं. वाळल्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग तोच असतो. झाड उभं आहे तोवर तो तिथं राहतो, जळलं की परत हवेत जातो. आमची संस्था बनांमधली झाडं छातीच्या उंचीवर मोजते आणि कोणत्या बनानं किती कार्बन धरून ठेवलाय ते काढते. नंबर कापण्यासाठी नाहीत, एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून आहेत.

आपल्या बनाची घाई मला का आहे ते ऐक. सातबाऱ्यावर ही जमीन बन म्हणून नाही, 'पडीत' म्हणून आहे. पडीत, आत्या! आणि एका सौर कंपनीनं नाल्याकाठची पडीत जमीन पॅनल लावायला मागितली आहे. एक मेच्या ग्रामसभेत तो ठराव येणार. त्याआधी आपल्या हाती मोजणीचा कागद हवा. शिवाय आमच्या योजनेत बन बसलं तर तीस वर्षांसाठी त्याची राखण कागदोपत्री होते. अट एकच, बनात गेल्या दहा वर्षांत तोड झालेली नसावी. आपल्याकडे ती अडचण नाहीच.

हे सगळं मला केशवकाकांनी कळवलं. माजी सरपंच असले तरी पंचायतीतलं सगळं त्यांना आधी कळतं. बाबांच्या वेळी कुणी दार उघडत नव्हतं तेव्हा सरणाला लाकडं दिलेला माणूस. त्यांना मी मोजणीचं सांगितलंय, ते मदत करतील.

तुझी,
दामिनी

ता. क. अक्षर नेहमीएवढंच आहे, पट्टी लावून पाहा.


कळंबखेड
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनीस,

पट्टी लावली. ठीक आहे.

तुझं कार्बनचं प्रकरण तीनदा वाचलं. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, ते झाडात आहे, आणि ते आहे म्हणून शहरातली माणसं बनाची राखण करणार. न दिसणारी वस्तू मोजून देणाऱ्या माणसापासून मी आजवर चार हात लांब राहिले. तू भाची नसतीस तर पत्रही परत धाडलं असतं. पण सातबाऱ्याचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी तलाठ्याकडे जाऊन उतारा पाहिला. 'पडीत' लिहिलंय. दोनशेवर झाडं उभी असलेली पडीत मी पहिल्यांदाच पाहिली.

तेव्हा मोजणी करा. अटी अशा. खिळे नाहीत, बिल्ले नाहीत, नंबर गेरूनं लिहायचे. फीत कापडी. आत अनवाणी. किशोरचे खिसे दगडापाशी मी तपासणार.

नाल्याच्या अंगाला, जिथं उतार आहे, तिथं जायचं नाही. तिथं आग्यामोहोळ बसलं आहे. मागच्या महिन्यात एका गोऱ्ह्याला चावून चावून अधमेलं केलं. तेवढी झाडं सोडा, दहा-बारा कमी मोजल्यानं काही बिघडत नाही.

केशवरावांशी कमी बोल. कारण विचारू नको. तो पंचायतीतलं आधी कळवतो म्हणतेस, तर तुझं पंचायतीला आधी कळवत नसेल कशावरून? त्याचं शेत नाल्याला लागून आहे. पॅनल आले की रस्ता कुणाच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जाईल, याचा विचार कर.

तुझी आत्या,
मैना


अमरावती
२० मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

तू लग्नाला अचलपूरला गेली होतीस त्या तीन दिवसांत मोजणी उरकली. शेजारच्या चतुराबाईंनी तुझ्या सांगण्यावरून आमचे खिसे तपासले, माझ्या केसांतली पिनसुद्धा काढून घेतली. एकूण दोनशे बारा झाडं. अंजन, बेहडा, कळंब, करंज, चिंच, आणि किशोरला नाव न सापडलेली दोन. मातीही तपासली. पाला कुणी नेत नाही म्हणून बनातल्या मातीत शेजारच्या शेताच्या दुपटीहून जास्त कार्बन निघाला. म्हणजे आजीचे नियम आमच्या पुस्तकांच्या आधीपासून बरोबर होते. मला इतका आनंद झाला की मी तिथंच पाल्यात बसले.

आता दुसरी गोष्ट. रागावू नको.

नाल्याच्या अंगाला आम्ही लांबून दुर्बीण लावून पाहिलं. आग्यामोहोळ कुठंच दिसलं नाही, म्हणून पुढं गेलो. मोहोळ नव्हतंच आत्या, जुन्या पोळ्याची खूणही नाही. तिथं एका अंजनाचा बुडखा आहे. वरून शेणामातीनं लिंपलेला. आणि भोवतालची माती ओली. मार्च महिन्यात, नाला कोरडा असताना, ओली!

किशोर म्हणतो, लाकूडचोर असंच करतात. तोडीच्या जागी माती लावून पाणी घालत राहतात, म्हणजे बुडखा लवकर कुजतो आणि जुना दिसतो. कुणीतरी बनात येऊन पुरावा कुजवतोय. तू रोज सकाळी कळशी घेऊन मायच्या दर्शनाला जातेस, तुला कधी कुणी दिसलं का? चतुराबाईंना विचारलं तर त्या घाईघाईनं दुसरंच बोलायला लागल्या.

लवकर लिही. त्या अटीमुळे मला धास्ती वाटते आहे.

तुझी,
दामिनी


कळंबखेड
२७ मार्च २०२५

चि. दामिनीस,

मी गावात नसताना गेलात. तेही मना केलेल्या जागी. हे मला आवडलेलं नाही.

मोहोळ उठून गेलं असेल. माशा कुणाला विचारून बसत नाहीत.

बुडखा जुना आहे. वादळात पडलेलं झाड. पाणी कुणी घालत नाही, नाल्याचा झिरा असेल. किशोर पुस्तकं वाचून शहाणा झालेला आहे, त्याच्या डोळ्यांनी पाहू नको. फॉर्ममध्ये त्या झाडाचं काही लिहायची गरज नाही.

तुझी आत्या,
मैना


अमरावती
९ एप्रिल २०२५

ती. आत्यास,

तुझं पत्र मी पट्टी लावून पाहिलं. ओळीत नेहमी दहा शब्द बसतात, या वेळी सात बसले आहेत. अक्षर मोठं झालंय आत्या.

वादळ झाड मोडतं, करवतत नाही. मोजणीच्या वेळीच आम्ही थोडी माती खरवडली होती, तुला लिहिलं नव्हतं. बुडखा सपाट कापलेला आहे, दातांच्या रेघा स्पष्ट आहेत. बाजूला झाडाचं एक अंग वाळवीनं खाल्लेलं पडून आहे, दुसरं अंग गायब. बुडख्याच्या कडेनं धुमारे आलेत, त्यावरून किशोरनं तोड साधारण चार वर्षांपूर्वीची ठरवली.

मी केशवकाकांना फोन केला. त्यांना सांगायचं नव्हतं, मीच गळ घातली. म्हणाले, "लाकडाऊनमंदी तुह्या आत्यानं ते अंजन वली मिस्त्रीले देलं. करवतीचा आवाज साऱ्या गावानं आयकला. आता म्हातारपणी तिचं नाव कायले खराब करू, मनून आमी चूप बसलो." वली मिस्त्री म्हणजे अकोटचे बैलबंडी बनवणारेच ना? बाबांचे दोस्त?

चार वर्षांपूर्वीचा लॉकडाउन. त्याच महिन्यात बाबा गेले. मी इथं पॉझिटिव्ह, खोलीत कोंडलेली, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. आणि तू त्या दिवसांत मायच्या बनातलं अंजन सुताराला विकत होतीस? मला हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण दुसरं काही जुळत नाही. मोहोळ खोटं, वादळ खोटं, आणि पाणी घालणारी कळशी कुणाची तेही आता मला कळलंय.

खिळे ठोकले म्हणून तू किशोरला चोरासारखं बाहेर काढलंस. करवत काय लाकडाची होती?

वीस तारखेपर्यंत मला अहवाल द्यायचा आहे. तुझ्याच पद्धतीनं मागते. जे असेल ते कागदावर, खाली सही.

दामिनी


कळंबखेड
१३ एप्रिल २०२५

चि. दामिनीस,

करवत लोखंडाचीच होती. ती मी माझ्या हातानं बनात नेली.

तुझा बाप २२ एप्रिल २०२१ ला सकाळी दहाच्या सुमारास घरीच गेला. त्या आठवड्यात गावात तो चौथा. मी एकेका दारावर गेले. आतून कड्या. आमच्याकडे गोवऱ्या होत्या, लाकूड नव्हतं. आमच्या बाभळी आदल्याच वर्षी विहिरीच्या कामात गेलेल्या. केशवरावांच्या खळ्यात बाभळीचा ढीग माझ्या डोक्याहून उंच रचलेला होता. मी फाटकापाशी उभी राहून हाक मारली. तो आतूनच म्हणाला, "मैनाबाई, पह्यले दूर व्हा. लाकूड नाई माह्यापाशी." ढीग मला दिसत होता, आणि मला दिसतोय हे त्यालाही दिसत होतं.

वलीभाईंना कुणी कळवलं मला माहीत नाही. पोलिसांना चुकवून शेतांतून बंडी हाकत ते आले. त्यांचं दुकान बंद, वर कुलूप. म्हणाले, "बाई, खांदा मी देतो. देवमनले आसं ठिवता नाई येत. लाकडाचं काई तरी पाहू." दुपार झाली होती, ऊन कसं होतं ते तुला सांगायला नको. मसणवट्याला लागून बन. त्यात ते अंजन, बुंध्याच्या वर दोन अंगांत फुटलेलं, एक अंग कोरडंठाक वाळलेलं, दुसरं हिरवं. वाळलेलं तेवढंच हवं होतं. पण वलीभाईंचा गुडघा मोडका आणि मी सदुसष्टची, दोघांपैकी कुणी झाडावर चढू शकेना. म्हणून अख्खं झाड खालून कापावं लागलं. हे मला अजून सलतं. एखादा तरणा हात असता तर अर्धं झाड वाचलं असतं.

वलीभाईंनी शेंदरी दगडापाशी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "मायबाई, चपला काढल्या. करवत मात्र लोखंडाचीच राह्यते, गुन्हा पदरात घे." एका टोकाला ते, एका टोकाला मी. अंजन किती कठीण असतं ते तुझ्या पुस्तकात असेल. तीन तास लागले. माझ्या तळहातांची सालं निघाली. हिरवं अंग आम्ही तिथंच राहू दिलं, एक काडी जास्त घेतली नाही. दिवस मावळायच्या आत देवमनला अग्नी दिला. मी दिला. वलीभाई लांब उभे राहून त्यांच्या परीनं काही म्हणत होते.

मग तुझा फोन आला. तू रडत रडत एकच विचारत होतीस, "आत्या, लाकडं कुणी दिली? कुणी आलं होतं ना?" बापाला चोरीच्या लाकडावर जाळलं, तेही मायच्या, हे मी तुला कसं सांगणार होते? माझ्या डोळ्यांपुढं तो बाभळीचा ढीग होता. तोंडातून त्याच्याच मालकाचं नाव निघालं. त्या दिवसापासून मी फोनवर बोलत नाही. कागदावर तरी मला खोटं लिहवणार नाही असं वाटलं होतं. तेही दोनदा लिहिलं, मोहोळ आणि वादळ, आणि दोन्ही तुलाच.

आणि त्या नावाचं पुढं काय झालं पाहा. तू दर दिवाळीला केशवरावाला अनारशांचा डबा धाडतेस आणि तो खातो. चार वर्षं खातोय. एकदाही म्हणाला नाही की पोरी, मी काही दिलं नव्हतं. तू त्याच्यावर भरवसा ठेवलास तो माझ्या खोट्यामुळे. बनाची सगळी माहिती त्याच्या हाती गेली ती माझ्या खोट्यामुळे. मी जगावर संशय घेत बसले आणि घात माझ्याच तोंडानं केला.

पाण्याचं सांगते. तुझी आजी म्हणायची, बनातून झाड नेलं तर नेणाऱ्यानं त्याच्या बुडख्याला बारा वर्षं पाणी घालायचं. उन्हाची चीर पडू नये म्हणून वरून शेणमाती लिंपायची. बारा वर्षांत फुटलं तर मायनं माफ केलं. तुझा किशोर म्हणतो मी कुजवते आहे. मी फुटायची वाट पाहते आहे.

आता तुझ्या फॉर्ममध्ये तोड लिहावी लागेल आणि बन तुझ्या योजनेतून जाईल. पॅनलवाल्यांना वाट मोकळी होईल. म्हणून लपवत होते, आणि तुझ्यासाठीही. पण आता लपवू नको. लिही. माझ्या नावावर लिही. वलीभाईंचं नाव घालू नको, त्यांनी कशाला भोगावं?

अक्षर पाहून घे.

मैना


अमरावती
१९ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. न.

दहा शब्द बसले आहेत ओळीत.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. किशोरनं पाणी आणून दिलं आणि न विचारता दार लावून गेला. मग तो आत आला तेव्हा मी त्याला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "मी त्यांना चोर म्हटलं होतं." मी म्हटलं, मी तर सहीनिशी लिहून पाठवलंय.

मला तुझा राग आला हेही खरं. चार वर्षं मी भलत्या माणसाचे उपकार मानले आणि वलीकाकांना साधा सलाम केला नाही. मागच्या वर्षी अकोटच्या स्टँडवर ते समोरून गेले, त्यांनी मान हलवली, मी बसच्या गडबडीत होते. हे मला आता झोपू देत नाही.

अहवाल दिला. पान नऊची प्रत सोबत आहे, सही-शिक्क्यासह. नक्कल तुझ्यासाठी इथं उतरवते:

'तोड: एक. अंजन, बुडख्याशी घेर ११८ सेंमी. तारीख २२ एप्रिल २०२१. बाहेर नेलेलं लाकूड अंदाजे चारशे साठ किलो, त्यातला कार्बन अंदाजे दोनशे वीस किलो, जळून हवेत गेला. कारण: देवमन यांच्या सरणासाठी, गावात कुणी लाकूड दिलं नाही म्हणून. तोडणारे: मैनाबाई, मयताची बहीण, व वली मिस्त्री, मयताचे मित्र. उरलेलं अंग जागेवर सोडलं. बुडख्याला तेव्हापासून रोज पाणी. धुमारे सात. मोजणी करणार: दामिनी, मयताची मुलगी.'

वलीकाकांचं नाव मी घातलं. त्यांना फोन करून विचारलं. म्हणाले, "टाक बेटी. देवमनच्या कामाले आलो, त्यात कायची चोरी?"

दोनशे वीस हा आकडा काढताना मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसले होते. आजवर हजारो झाडांचा काढला असेल.

योजनेत बन बसणार नाही, तू म्हणालीस तसंच. २०३१ नंतर पुन्हा अर्ज करता येईल. पण मोजणी खोटी ठरत नाही. ती प्रत ग्रामसभेत ठेव आणि एवढंच विचार, दोनशे बारा झाडं उभी असलेली जमीन पडीत कशी? एक तारखेला, सुट्टी असूनही, मला वरिष्ठांनी सुनावणीला बोलावलंय, हे माझंच गाव आणि माझीच माणसं हे मोजणीआधी न सांगितल्याबद्दल. मी येऊ शकत नाही. पान नऊ तूच वाच.

तुझी,
दामिनी


कळंबखेड
३ मे २०२५

चि. दामिनीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी अटी शेवटी आहेत.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर झाली. सौर कंपनीचा ठराव वाचला गेला. मी मोजणीचा कागद पुढं केला तर केशवराव उठले. मला वाटलंच होतं. म्हणाले, "ज्या बाईनं मायचं झाड इकलं, तिनं आमाले बन शिकवू नये." त्याच्या हाती तेच एक हत्यार होतं, आणि ते आपणच दिलेलं.

मी पान नऊ काढलं आणि वाचलं. तेहेतीस वर्षं त्याच ओट्यावर धडे वाचले, आवाज कधी अडला नाही. या वेळी 'मयताची मुलगी'पाशी अडला. 'गावात कुणी लाकूड दिलं नाही' ही ओळ मी पुन्हा एकदा वाचली, चष्मा काढला आणि केशवरावांना विचारलं, "अनारसे गोड होते का?" बहुतेकांना कळलं नाही. त्याला कळलं. तो खाली बसला.

मग ठराव मताला घ्यायची घाई सुरू झाली. मी मनात म्हटलं, गेलं बन. तेवढ्यात चतुराबाई उभी राहिली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "करवतीचा आवाज आमी साऱ्यांनी आयकला. दार कोनी उघडलं नाई. मी बी नाई. बाई रोज पानी घालते ते चार सालापासून पाह्यतो, तोंड वर करून इचारायची हिंमत नाई झाली. आता त्या बनाले पडीत मनाचं, तं पह्यले आमाले मना." दोन बाया तिच्या मागं उभ्या राहिल्या, मग त्यांचे नवरे.

ठराव असा झाला: ही जमीन पडीत नसून आसरामायचं बन आहे, नोंद दुरुस्त करावी, पॅनलला देऊ नये. हात मी स्वतः मोजले. दोनदा मोजले. अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एकतीस. एकतिसांत कोण कोण होतं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवलंय. तलाठी म्हणतो नोंदीला वेळ लागेल. मी म्हटलं, मी दर सोमवारी येऊन बसेन. तो मला ओळखतो, त्याचा चेहरा पडला.

तू कामाच्या कागदात खरं लिहिलंस आणि त्याचा जाब तुला द्यावा लागला. सुनावणीचं काय झालं ते लपवू नको, चांगलं नसलं तरी. मला तुझा अभिमान वाटतो. हे मी तोंडानं कधी म्हटलं नसतं, कागदावर म्हणते, खाली सही आहे.

आता अटी. सुट्टी काढून ये. किशोरला आणायचं तर आण, पण त्याचे बूट दगडापाशी मी उलटे करून पाहणार, टाचेत खिळे असतात. वाटेत अकोटला उतर आणि वलीभाईंना घेऊन ये. अनारशांचा डबा या वर्षीपासून त्यांच्याकडे.

धुमाऱ्यांपैकी एक आता माझ्या कमरेला लागतो. चतुराबाई कालपासून पाणी घालू द्या म्हणून मागं लागली आहे. मी नाही म्हटलं. ज्या घरासाठी झाड गेलं त्या घरानंच घालायचं असतं.

मी कुणावर भरवसा ठेवत नाही हे गावाला माहीत आहे. माझ्या वयावर तर मुळीच नाही. चार वर्षं झाली, आठ राहिली, आणि मी एकाहत्तरची आहे. कळशी पितळेची आहे, बनात चालते. ये आणि भरलेली उचलवते का तुला, ते एकदा पाहून जा.

तुझी आत्या,
मैना